पक्षाची भूमिका कळविणेबाबत

निवेदन लिहावं तर खांबेट्यांनी! हे मी म्हणत नाही, आमच्या नेरूळच्या ‘सागरकिरण’ सोसायटीची जनरल बॉडी म्हणते. आणि आमच्या जनरल बॉडीचं दुसऱ्या कुठल्याही गोष्टीवर आजवर एकमत झालेलं नाही. लिफ्टचा रंग क्रीम असावा की करडा, यावर तीन सभा झाल्या. लिफ्ट अजून पत्र्याच्याच रंगाची आहे. पण महापालिकेला किंवा नगरसेवकाला काही कळवायचं म्हटलं, की छप्पन्न फ्लॅट एका सुरात सांगतात, ‘ते सुधीर खांबेटे आहेत ना, ते लिहितील.’

यात माझी हुशारी किती आणि बाकीच्यांचा आळस किती, याचा ताळेबंद मी मांडत बसत नाही. तीस वर्षं ऑडिटमध्ये काढली आहेत. कुठली बेरीज करायची नाही, हेही तिथेच शिकायला मिळतं.

माझ्या निवेदनाची दोन वैशिष्ट्यं. पहिलं, परिशिष्टं. ‘पाणी कमी दाबाने येते’ हे एक वाक्य कुणीही लिहील हो! मी त्याला परिशिष्ट ‘अ’ जोडतो : एक बादली भरायला लागणारा वेळ, मजल्यांनुसार. परिशिष्ट ‘ब’ : सदर बादलीचं माप. दुसरं वैशिष्ट्य, लिफाफा. आधी गोंद, गोंदावर सेलोटेप, आणि झाकण जिथे चिकटतं तिथे माझी लांबलचक आडवी सही. अर्धी झाकणावर, अर्धी पाकिटावर. सही फाटल्याशिवाय लिफाफा फुटणं शक्यच नाही. नेरूळला राहायला आल्यापासून सत्तेचाळीस निवेदनं मी या पद्धतीने पाठवली.

“आत असतं काय एवढं?” आमच्या सौभाग्यवती, अरुणाबाई, दर वेळी विचारतात. “पाणी येत नाही, हेच ना? ते काय गुपित आहे?”

बायकोच्या अशा शेऱ्यांना मी ‘नोंद घेतली’ म्हणतो आणि पुढे जातो.

तर अठ्ठेचाळिसाव्या निवेदनाची ही हकीकत.

आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जाफर मुकादम राहतात. मूळ मुरूडकडचे. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांची अँगल-पट्ट्यांची पेढी आहे. मी माणसं पाहताना मनातल्या मनात त्यांच्या नावापुढे खुणा करत असतो. जाफरभाईंच्या नावापुढे ‘कमी बोलतो’ अशी एकच खूण बरीच वर्षं होती. मग चार वर्षांपूर्वी त्यांच्याकडे माल उतरवताना ट्रकचा मागचा फाळका धाडकन खाली आला आणि किसन नावाच्या हमालाची दोन बोटं गेली. त्या दिवसापासून हा माणूस रोज संध्याकाळी गॅलरीत बसून लोखंडी पट्ट्या आणि स्प्रिंगांशी झटापट करू लागला. चार वर्षं! आमच्या मजल्यावर संध्याकाळी लोक टीव्हीचा आवाज वाढवायचे, आणि जाफरभाईंचा हातोडा त्यांच्यावर मात करायचा.

आणि एक दिवस ते जमलं. फाळक्याची कडी. एका हाताने ओढायची. कडी उघडते, पण फाळका आदळत नाही. लग्नाच्या मांडवात वधूची आत्या येते तसा, मानाने, हळूहळू खाली येतो. मी कळंबोलीला जाऊन डोळ्यांनी पाहिलं. किसनने त्याच्या उरलेल्या तीन बोटांच्या हाताने ती कडी दहा वेळा ओढली आणि दहाही वेळा खालीच बघत राहिला.

जाफरभाई तिला ‘किसन कडी’ म्हणतात. पेटंट त्यांना हवं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. बाजारातले दोघेजण आत्ताच ‘काय करताय, बघू तरी’ म्हणून डोकावत होते. ते कडी बनवणार, आतली स्प्रिंग हलकी टाकणार, आणि कडीवर विश्वास ठेवून हात घालणाऱ्या कुणाची तरी बोटं जाणार. “नुसता फाळका असतो तेव्हा माणूस सांभाळून तरी असतो,” ते म्हणाले. “माझी कडी बघून तो बेसावध होणार. खोटी कडी म्हणजे फाळक्यापेक्षा वाईट.”

म्हणून त्यांनी कडीचा नकाशा आणि माहितीचे कागद माझ्याकडे आणून दिले. भाषा जरा नजरेखालून घाला म्हणाले. आणि दारातून परत वळून म्हणाले, “सुधीरभाऊ, कुणाला दाखवू नका हां.”

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही असं नाही. मी त्याचा अर्थ लावला. ऑडिटवाल्याचा हा जुना रोग.

झालं असं, की तेव्हा महापालिकेची निवडणूक तोंडावर होती. आमच्याकडे निवडणुकीआधी सोसायटी उमेदवारांना बोलावते, इमारतीखाली गाड्या लावतात त्या स्टिल्टमध्ये खुर्च्या मांडते, प्रत्येकाला निवेदन देते. निवेदन देतानाचा फोटो निघतो, तो ग्रुपवर जातो, आणि पाच वर्षांचा विषय मिटतो. यंदा पाणी, पार्किंग, भटकी कुत्री हे नेहमीचे विषय मला अगदी शिळे वाटू लागले. आपल्या शेजारी एक संशोधक बसलाय! त्याच्या हक्काचं रक्षण करणार कोण? सरकार. सरकार कुणाचं? पक्षांचं. मग पक्षांची या बाबतीत भूमिका काय, ते लेखी घ्यायला नको? जाफरभाईंना लेखी उत्तरंच आणून द्यायची आणि चकित करायचं, असा माझा बेत.

बसलो लिहायला. ‘विषय : नवसंशोधन व बौद्धिक संपदा हक्क यांबाबत आपल्या पक्षाची भूमिका कळविणेबाबत.’ काय भारदस्त विषय! लिहून झाल्यावर मी तो तीनदा मोठ्याने वाचला. चौथ्यांदा अरुणाने मिक्सर लावला.

आता, उदाहरण दिल्याशिवाय भूमिका कशी कळणार? म्हणून परिशिष्ट ‘अ’ : सदर संशोधनाचा नकाशा. परिशिष्ट ‘ब’ : मापं. परिशिष्ट ‘क’ : स्प्रिंग कुठली व ती कशी बसवावी. परिशिष्ट ‘ड’ : सदर कडी घरच्या घरी बनवण्याची कृती, टप्प्याटप्प्याने. (हे मी स्वतः तयार केलं. वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून.)

तीन प्रती. तीन लिफाफे. वर ‘गोपनीय’. गोंद, सेलोटेप, आडवी सही. कुणाला दाखवू नका म्हणाले होते. मी कुठे दाखवत होतो? मी तर बंद करून देत होतो!

रविवारी सकाळी अकरा वाजता तिघेही आले. पक्षांची नावं मी लिहीत नाही, निशाण्यांवर भागवतो : कपाट, कपबशी आणि रोडरोलर. जाफरभाई नेमके करंजाड्याला किसनच्या घरी गेले होते. मला ते बरंच वाटलं. चकित करायचं होतं ना!

मी माईक घेतला आणि विषय वाचला. स्टिल्टमध्ये अशी शांतता पसरली की वरच्या पाइपातून गळणारं पाणी ऐकू आलं. त्याच पाण्यावर निवेदन क्रमांक एकतीस होतं.

कपाटवाले हरेश तांडेल आधी उठले. हे मावळते नगरसेवक, इथल्या मूळ गावचे, बोलायला रोखठोक. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा लिफाफ्याकडे पाहिलं आणि सुरुवात केली ती भूमिपुत्रांपासून. आमच्या बापजाद्यांची जमीन शहरासाठी गेली तेव्हा तिच्यातली साडेबारा टक्के परत मिळवायला आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, तेव्हा संपदा गेल्याचं दुःख आम्हाला कुणी शिकवू नये. बौद्धिक असो नायतर शेतीची, ज्याची संपदा गेली त्याला साडेबारा टक्के मिळालेच पायजेत. टाळ्या पडल्या. पाचव्या मजल्यावरच्या एका काकूंनी विचारलं, भाडेकरूंना पण मिळणार का? हरेशराव म्हणाले, बघू.

कपबशीचे मानसिंग जगदाळे साताऱ्याकडचे, आवाज असा की माईक लाजावा. त्यांनी जाहीर केलं की साडेबारा टक्के ही जनतेची थट्टा आहे, त्यांचा पक्ष पूर्ण माफी देणार. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या बौद्धिक मालमत्तेला कर शून्य! शिवाय चष्मेवाटपाच्या शिबिरात या वर्षीपासून मोफत पेटंटवाटप. येताना फक्त आधार कार्ड आणायचं. यावर मात्र लोक खरोखर चुळबुळले. दोघांनी तारीख विचारली. एक आजोबा म्हणाले, माझं मागच्या वर्षीच काढून झालंय, दोन्ही डोळ्यांचं.

रोडरोलरचा उमेदवार सुयश, वय तिशीच्या आत, पायात पांढरे बूट. त्याला विषय कळला असावा असं मला पहिल्यांदा वाटलं. तो म्हणाला, “अंकल, आमची पोझिशन क्लिअर आहे. आयडिया लॉक करून ठेवायच्या नसतात. आमचा ‘खुला प्रभाग’ पोर्टल आहे. तुम्ही दिलेलं प्रत्येक डॉक्युमेंट उद्या दुपारपर्यंत वेबसाइटवर. फुल ट्रान्स्परन्सी.”

मी टाळ्या वाजवल्या. हो, मीच! सगळ्यांच्या आधी!

मग लिफाफे दिले, फोटो निघाले, आणि ग्रुपवर मी स्वतः ओळ टाकली : ‘श्री. खांबेटे बौद्धिक संपदेबाबत निवेदन सपरिशिष्ट सादर करताना.’

दुपारी जेवून आडवा होतोय तोच बेल वाजली. दारात जाफरभाईंची मुलगी बतूल. ही कायद्याच्या शेवटच्या वर्षाला आहे. हातात फोन, फोनवर माझा फोटो.

“काका,” ती म्हणाली, “सपरिशिष्ट म्हणजे?”

मी अभिमानाने सांगायला लागलो. ‘अ’ सांगितलं, ‘ब’ सांगितलं. ‘क’पर्यंत तिचा चेहरा उतरला आणि ‘ड’ला ती आमच्या चपलांच्या स्टँडवर बसली. मग तिने मला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. पेटंट मिळायला वस्तू नवी असावी लागते. अर्ज दाखल व्हायच्या आधी तिची माहिती चारचौघांत गेली, तर ती नवी राहत नाही. जाफरभाईंच्या पेटंट वकील, वाशीच्या श्रुती मॅडम, बुधवारी अर्ज दाखल करणार होत्या. तीन दिवस राहिले होते. चार वर्षं आणि तीन दिवस.

“पण मी तर गोपनीय लिहिलंय!”

“तीन पक्षांच्या ऑफिसात, काका.”

मागे जाफरभाई उभे होते. करंजाड्याहून नुकतेच आलेले. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं; मी उलट उत्तर तरी दिलं असतं. ते एवढंच म्हणाले, “आज किसनला सांगून आलो, बुधवारी तुझ्या नावाचा कागद जाणार.”

अरुणाने मला पाण्याचा ग्लास दिला आणि त्या दिवशी पहिल्यांदाच कसला शेरा मारला नाही. तेव्हा मला प्रसंगाचं गांभीर्य कळलं.

सोमवारी सकाळी जाफरभाईंच्या स्कूटरवर मागे बसून मी निघालो. काम साधं होतं : तीन लिफाफे परत मागायचे. पण तुम्हाला सांगतो, निवेदन देणं सोपं. परत मागणं म्हणजे जेवून झाल्यावर अहेर परत मागण्यासारखं!

कपाटाच्या कार्यालयात पोचलो. मी म्हटलं, आमचं निवेदन परत द्या. हरेशराव चहा पीत होते, तो खाली ठेवला. खोलीतले आठदहा कार्यकर्ते जवळ सरकले. एकाने उठून दार लावलं.

“काका, परत म्हंजे?” हरेशराव हळू आवाजात म्हणाले. “अख्खी सोसायटी फिरली काय?”

मी सांगितलं, तसं काही नाही, एक चूक झाली आहे. त्यांनी ऐकलंच नाही. छप्पन्न फ्लॅट, सरासरी तीन मतं, ही बेरीज त्यांच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट वाचता येत होती. कपबशीवाल्यांनी काय कबूल केलं, ते सांगा, म्हणाले. मी म्हटलं, कुणी काही कबूल केलेलं नाही. मग रोडरोलरने केलं असणार. जाफरभाईंना बघून त्यांनी ठरवलं की हे दुसऱ्या गोटातले मध्यस्थ, आणि त्यांना आतल्या गादीवर बसवून सरबत मागवलं. जाफरभाई बिचारे सरबत हातात धरून माझ्याकडे बघत होते.

“काका, तुमची मागनी मला मान्य हाय,” हरेशराव म्हणाले.

“कुठली?”

“सगली.”

“तुम्ही वाचलंत का ते?”

“वाचायला कशाला पायजे? तुमचं अक्षर बघितलं का आपन मान्यच करतो.”

माझ्या मनात तेव्हा काहीतरी टोचलं. पण घाई होती. मी हट्ट धरला, तेव्हा शेवटी त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडायला सांगितलं. खरोखरचं लोखंडी कपाट. निशाणी उगाच घेत नाहीत लोक. त्यातून वरचा लिफाफा काढून एकाने माझ्या हातात ठेवला.

गोंद जागेवर. सेलोटेप जागेवर. सही अखंड!

मला इतका आनंद झाला, की मी त्या कार्यकर्त्याला मिठी मारली. ‘सोसायटी आपलीच!’ असं कुणीतरी ओरडलं आणि बाहेर एक फटाका वाजला. त्या गडबडीत कपाटातला एक गठ्ठा घसरून जाफरभाईंच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला, वरचं काहीतरी वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा आत ठेवला. मी विचारलं, काय होतं? म्हणाले, काही नाही, चला.

कपबशीच्या कार्यालयात मानसिंगराव नव्हते. जोतीराम नावाचे पिकलेले गृहस्थ टेबलाशी बसून मतदारयाद्या वाचत होते. निवेदन? ते तर अभ्यास समितीकडे गेलं. अभ्यास समिती म्हणजे तज्ज्ञ, तज्ज्ञ म्हणजे झेरॉक्स! समितीत कोण कोण आहे? जोतीराम म्हणाले, “मीच की.” मग तुम्ही अभ्यास केलात? ते जरा ओशाळले. म्हणाले, “अवो सायेब, काल ह्यो टेबल लई डुगडुगत हुता.”

टेबलाच्या डाव्या पायाखाली चार लिफाफे होते. माझा सगळ्यात वर, कारण परिशिष्टांमुळे जाड. जाफरभाईंनी टेबल उचलून धरलं आणि मी लिफाफा ओढला. एका कोपऱ्याला टेबलाच्या पायाचा गोल ठसा. सही अखंड. जोतीरामांनी हात जोडून विनंती केली, की दुसरं एखादं निवेदन असेल तर देऊन जा. मी खिशातली सोसायटीच्या सभेची जुनी नोटीस घडी घालून दिली. बरोबर बसली.

आता उरला रोडरोलर. आणि वाजले होते बारा वीस. ‘उद्या दुपारपर्यंत वेबसाइटवर.’

सुयशच्या ऑफिसात एसी, तीन संगणक आणि भिंतीएवढा स्कॅनर. आम्ही धापा टाकत आत शिरलो. मी म्हटलं, ते अपलोड करू नका! सुयशने हसून अंगठा वर केला.

“अंकल, डन आहे. सकाळी नऊलाच. तुमचं फर्स्ट टाकलं.”

जाफरभाई समोरच्या खुर्चीत बसले. कुणी ‘बसा’ म्हटलेलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने उजव्या हाताची दोन बोटं धरून ठेवली होती. मला वाटतं, त्यांना ते कळतही नव्हतं. सुयश आपला सांगतोय, दोनशे बारा व्ह्यूज, छप्पन्न लाइक्स, एका माणसाने तर ‘काळाची गरज’ अशी कॉमेंट टाकली आहे. म्हणजे दोनशे बारा लोकांनी परिशिष्ट ‘ड’ वाचलं! घरच्या घरी बनवण्याची कृती, टप्प्याटप्प्याने! माझंच ते सोपं, सुबोध मराठी!

“दाखवा,” मी म्हटलं.

त्याने पडदा आमच्याकडे फिरवला. ‘खुला प्रभाग : प्राप्त निवेदन क्र. १. एकूण पाने : दोन.’

पान एक. लिफाफ्याची पुढची बाजू. ‘गोपनीय.’

पान दोन. लिफाफ्याची मागची बाजू. मधोमध, सेलोटेपखाली, माझी लांबलचक आडवी सही.

संपलं. पुढे पान नव्हतं.

मी दोनदा खालीवर केलं. “आतलं?” मी विचारलं.

सुयशला प्रश्न समजला नाही. “आतलं म्हणजे? डॉक्युमेंट स्कॅन केलं ना पूर्ण. बोथ साइड्स.”

लिफाफा ट्रेमध्येच होता. चिकटलेला. जाफरभाईंनी तो हातात घेतला, सहीवरून अंगठा फिरवला, आणि हसू लागले. चार वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. ते इतके हसले, की सुयशने ‘व्हिडिओ काढू का, टेस्टिमोनियलसाठी?’ असं विचारलं.

तिथून थेट वाशी. श्रुती मॅडमनी तिन्ही लिफाफे उजेडात धरून उलटसुलट पाहिले. मग चष्मा काढून म्हणाल्या, “उघडलेला एकही नाही. वाचलंच नाही कुणी, तर माहिती बाहेर जाणार कशी? बुधवार कशाला, उद्याच दाखल करू. आणि खांबेटेसाहेब, ही आडवी सही मात्र कमाल आहे. बंद होतं याचा याहून चांगला पुरावा नाही.”

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीचं असं कौतुक कुणी केलं नव्हतं. मंगळवारी अर्ज गेला. जाफरभाईंनी किसनला बरोबर नेलं होतं. मीही गेलो. कागदांच्या पहिल्या पानाला हात लावायला किसनने आधी हात शर्टाला पुसला.

किसनला बसमध्ये बसवून परत येताना मला एकदम ती टोचणी आठवली. सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा मी विचारलं, जाफरभाई, काल त्या कपाटातून पडलं ते काय होतं? ते टाळायला लागले. मी सोडलं नाही.

“तुमचीच होती,” ते म्हणाले. “निवेदनं. रबरबँड लावलेली. मोजली नाहीत, पण चाळीसच्या वर असतील.”

“आणि सह्या?”

सिग्नल सुटला. त्यांनी गाडी पुढे काढली. मग पुढे बघूनच म्हणाले, “सगळ्या शाबूत, सुधीरभाऊ. एकदम कडक.”

म्हणजे परिशिष्ट ‘अ’, बादली भरायला लागणारा वेळ. परिशिष्ट ‘ब’, बादलीचं माप. तिसऱ्या मजल्यावर मी स्टॉपवॉच घेऊन उभा राहिलो होतो हो, सलग आठ सकाळी!

घरी आल्यावर अरुणाला सांगितलं नाही. बतूलने सांगितलं. अरुणा म्हणाली, “बघा, मी म्हणत होते ना, यात गुपित काय? तर सगळंच गुपित निघालं.” नोंद घेतली, मी म्हटलं.

हरेशराव निवडून आले. आमच्याकडे सत्काराला आले तेव्हा भाषणात म्हणाले, की बौद्धिक संपदेच्या प्रश्नावर सागरकिरण सोसायटी त्यांच्या पाठीशी उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्या मजल्यावरच्या काकूंनी साडेबारा टक्क्यांचं काय झालं, ते विचारलं. बघू, म्हणाले.

तेव्हापासून मी निवेदन लिहिणं सोडलं आहे. जनरल बॉडीने खूप आग्रह केला. मी ठाम राहिलो.

पण परवा संध्याकाळी जाफरभाई आले. हातात गुंडाळलेला नकाशा. या वेळी हातगाडीचा ब्रेक. उतारावर गाडी हमालाच्या अंगावर येऊ नये म्हणून. अर्जाला अजून महिना आहे. तोवर कागद ठेवायचे कुठे? घरी पाहुण्यांची ये-जा, पेढीवर ते दोघे डोकावणारे. मी म्हटलं, बँकेत लॉकर घ्या. त्यांनी मान हलवली. अगदी गंभीर चेहऱ्याने, शब्द मोजत म्हणाले,

“त्यापेक्षा सुधीरभाऊ, हरेशरावांना एक निवेदनच देऊन टाका ना.”

स्वयंपाकघरातून अरुणाच्या हसण्याचा आवाज आला. मी ताडकन उठलो आणि दुसऱ्या खोलीत निघून आलो. रागावून गेले, असं दोघांना वाटलं असेल. वाटू दे. गोंदाची बाटली तिथल्या ड्रॉवरमध्ये असते, हे त्यांना कुठे माहीत आहे?